राज्य आधी जातं की नाणं?

देश संपला की त्याच दिवशी त्याचं नाणंही बाद होतं, असा आपला साधा समज असतो. प्रत्यक्षात तसं फार क्वचित घडतं. पूर्व जर्मनीचंच बघा. १ जुलै १९९० ला तिथे पश्चिम जर्मनीचा मार्क लागू झाला. देश मात्र ३ ऑक्टोबरपर्यंत नकाशावर होता. म्हणजे शेवटचे तीन महिने त्या देशाला स्वतःचं चलन नव्हतं. त्याहून गंमत त्याच्या चिल्लरीची. सुट्ट्या पैशांची टंचाई होऊ नये म्हणून फेनिगची ॲल्युमिनियमची हलकी नाणी १९९१ च्या मध्यापर्यंत चालू ठेवली. नोट देशाच्या आधी गेली, चिल्लर देशानंतरही उरली.

आपल्याकडे हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, पण निजामाचा हाली रुपया पुढे १९५९ पर्यंत व्यवहारात टिकून होता. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये, हा हिशेब मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असे. आमच्या बडोद्यात बरोबर उलटं झालं. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, पण गायकवाडांचा रुपया त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीच गेला होता.

नाहीशा झालेल्या राज्यांची नाणी जमवायची तर हा मुद्दा आधी समजून घ्यायला हवा. नाणं हातात आलं की आपण विचारतो, हे कुठल्या राज्याचं? तो प्रश्न तीन भागांत विचारावा. यावर नाव कुणाचं आहे? हे पाडलं कुणी? आणि बाजारात ते स्वीकारत कोण होतं? ही तीन उत्तरं एकच असतील असं नाही. जुन्या नाण्यांत तर ती बहुतेक वेळा वेगवेगळीच असतात.

गायकवाडांचा रुपया, चार वेळा बदललेला

दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजूनही चांदीचे रुपये निघतात. त्यांतला एखादा जाडसर, कडा वेड्यावाकड्या, अक्षरं फारसीसारखी आणि अर्धवट कापलेली, असा असेल तर तो नीट बघा. लोक त्याला ‘मोगलांचा रुपया’ म्हणून बाजूला ठेवतात. नाव मोगलांचं असलं तरी तो बहुधा गायकवाडांच्या टांकसाळीतला असतो.

असं का? अठराव्या शतकात मराठे सरदार प्रत्यक्षात स्वतंत्र होते, पण रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव ठेवणं त्यांनी सोडलं नाही. कारण सरळ व्यवहाराचं होतं. सराफ, सावकार, शेतसारा भरणारा शेतकरी, सगळे बादशाही नावाचा रुपया ओळखत. नवं नाव घातलं की बाजार साशंक होतो आणि सराफ बट्टा, म्हणजे किमतीतली कपात, जास्त लावतो. ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पर्यंत हेच केलं. बंगालमधला तिचा रुपया कित्येक वर्षं शाह आलम दुसरा याच्या राज्यारोहणाचं एकोणिसावं वर्षच दाखवत राहिला, कारण लोकांचा त्या सनावर भरवसा बसला होता.

मग गायकवाडांनी आपली खूण कुठे ठेवली? फारसी मजकुराच्या मध्ये एक-दोन नागरी अक्षरं. ‘ग गा’ म्हणजे गणपतराव गायकवाड, ‘ख गा’ म्हणजे खंडेराव, ‘म गा’ म्हणजे मल्हारराव. गणपतराव गादीवर आले १८४७ मध्ये. त्यांच्या रुपयांवर नाव मात्र अकबर दुसरा या बादशहाचं, आणि तो तर १८३७ मध्येच वारला होता. दिल्लीत तेव्हा बहादूरशाह जफर होता. बडोद्याच्या ठशाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

१८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही बुडाली आणि बडोद्याच्या रुपयावरचं बादशहाचं नावही गेलं. त्या जागी खंडेरावांनी गायकवाडांची जुनी बिरुदं घातली: सेना खासखेल समशेर बहादूर. लिपी फारसीच राहिली. म्हणजे एकाच राजाचे, थोड्याच अंतराने पाडलेले दोन रुपये: एकावर मेलेला बादशहा, दुसऱ्यावर बादशहा नाहीच. अठराशे सत्तावन्नचा परिणाम इतक्या जवळून दाखवणारी दुसरी स्वस्त वस्तू मला ठाऊक नाही. दोन्ही रुपये शेजारी ठेवून बघावेत असं माझं प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगणं असतं.

इथे एक सापळाही आहे. ‘स गा’ ही अक्षरं दुसऱ्या सयाजीरावांच्या (१८१९–४७) रुपयांवर आहेत आणि तिसऱ्या सयाजीरावांच्या सुरुवातीच्या, हातोड्याने पाडलेल्या रुपयांवरही. फरक अक्षरांत सापडत नाही, भोवतालच्या मजकुरात सापडतो. बादशहाचं नाव असेल तर दुसरे सयाजीराव, बिरुदं असतील तर तिसरे.

तिसरे सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले आणि नाण्याचा चेहराच बदलला. यंत्रावर पाडलेली, गोल, एकसारख्या कडांची नाणी आली. फारसी गेली, नागरी आली: ‘श्री सयाजीराव म. गायकवाड’. यातला ‘म’ म्हणजे महाराजा. तांब्याच्या पैशावर घोड्याचा खूर आणि तलवार. चांदीच्या रुपयावर १८९० च्या सुमारापासून पगडी घातलेले तरुण महाराज. आणि प्रजा बहुतांशी गुजराती असूनही तांब्याच्या नाण्यावर किंमत लिहिली ती ‘दोन पैसे’ अशी, दरबारच्या मराठीत.

महाराजांच्या छबीचा रुपया सगळ्यांना हवा असतो, तो देखणा आहेच. पण मला विचाराल तर खूर-तलवारीचा तांब्याचा पैसा जास्त बोलका. रुपया सावकाराच्या तिजोरीत बसला. पैसा मांडवीच्या भाजीवालीपासून शाळेतल्या पोरापर्यंत फिरला. तो झिजलेला मिळतो, स्वस्त मिळतो, आणि बडोद्याचा संग्रह सुरू करायला त्याच्यासारखी दुसरी जागा नाही.

मग तो बंद का पडला?

इतकं सुधारलेलं राज्य, नवं यंत्र, राजाची छबी, आणि पुढच्या काही वर्षांत टांकसाळच बंद. इंग्रजांनी दडपलं म्हणून, असं एका वाक्यात उत्तर दिलं जातं. ते अपुरं आहे.

गायकवाडांच्या रुपयाला व्यापारात बाबाशाही म्हणत. इंग्रजांचा यंत्रावरचा रुपया तो कलदार. दोन्ही चांदीचे. जोवर रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत, तोवर दोघांमधला भाव फार हलत नसे. वजन आणि कस बघून सराफ ठरलेला बट्टा घेई. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. युरोपातले देश सोन्याकडे वळले, चांदीच्या खाणी भरपूर माल काढू लागल्या. रुपयाही घसरला. इंग्लंडला सोन्यात पैसे पाठवणाऱ्या भारत सरकारच्या अंगावर ते आलं.

म्हणून १८९३ मध्ये सरकारने एक मोठा निर्णय घेतला. तोपर्यंत कुणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जाई आणि ठराविक मोबदला देऊन तिचे रुपये पाडून घेई. ती मुभा बंद झाली. रुपये मोजकेच पडू लागले, त्यामुळे कलदार रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर गेली. पुढे ती एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावली.

आता बाबाशाहीचं काय झालं बघा. त्याच्या मागे ती कृत्रिम कमतरता नव्हती. चांदी उतरेल तसा तो उतरत राहिला. कलदार एका जागी उभा, बाबाशाही खाली खाली. दोघांमधला बट्टा सतत हलू लागला. बडोद्याच्या व्यापाऱ्याला मुंबईहून कापड आणायचं तर पैसे कलदारात द्यायचे, विक्री बाबाशाहीत यायची. मधल्या काळात भाव घसरला की नफा गेला. आणि गायकवाडी मुलूख सलग कुठे होता? बडोदे, नवसारी, कडी, अमरेली असे तुकडे, मध्ये इंग्रजी जिल्हे आणि दुसरी संस्थानं. रेल्वेने दोन-चार स्टेशनं गेलं की चलन बदलणार. अखेर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पनच्या भीषण दुष्काळाच्या त्याच सुमारास, बाबाशाही मागे घेतला गेला आणि संस्थानात कलदार सुरू झाला.

बाबाशाही मोडला तो मुख्यतः हिशेबाने. राज्य पुढे पन्नास वर्षं चाललं, उत्तम चाललं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वाचनालयं, बडोदा बँक, सगळं त्या काळातलं. ते सगळं दुसऱ्याच्या नाण्यावर चाललं.

अर्धवट अक्षरं आणि तीन-चार सन

हातोड्याच्या नाण्यावरचा मजकूर कापलेला का असतो, हे कळलं की निम्मी भीती जाते. टांकसाळीत आधी चांदीची चकती वजनाला बरोबर करायची, साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. एक ठसा खाली घट्ट बसवलेला, दुसरा हातात धरलेला, मध्ये चकती, वरून घण. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळाच तुकडा उमटतो: एकावर सन येतो, दुसऱ्यावर टांकसाळीचं नाव, तिसऱ्यावर राजाचं अक्षर. पूर्ण मजकूर वाचायला एकाच जातीची चार-पाच नाणी लागतात. म्हणूनच सन आणि टांकसाळ दोन्ही दिसणाऱ्या रुपयाला भाव जास्त. कडेला बारीक खळगे दिसले तर ते सराफांचे छाप, चांदी खरी आहे ना हे तपासताना मारलेले. त्यांनी नाण्याचं रूप जातं हे खरं, पण मला ते छाप आवडतात. ‘स्वीकारत कोण होतं’ या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच देतात.

सनाचा हिशेब सोपा आहे. विक्रम संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा, इसवी सन येतो. एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. हिजरी सन चांद्र असल्याने त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. हिजरी १२७४ घ्या: १२३६ च्या आसपास येतात, अधिक ६२२, म्हणजे १८५७-५८. खंडेरावांच्या रुपयावर हा आकडा दिसला तर पुढचा मजकूर काळजीपूर्वक बघा, कारण बादशहाचं नाव जाण्याचा हाच काळ. त्याशिवाय जुलूस म्हणून एक आकडा असतो, तो बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष. मेलेल्या बादशहाच्या नावाने नाणी पडत तेव्हा त्या आकड्यावर काळ ठरवायला जाऊ नका.

इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार

बडोद्याचा संग्रह थोडा जमला की नजर माळव्याकडे जातेच. अहिल्याबाईंच्या काळातल्या महेश्वरच्या रुपयांवर बादशहाचं नाव आणि सोबत शिवलिंग नि बेलाचं पान. इंदूरच्या टांकसाळीचं नाव मल्हारनगर. तिथल्या रुपयांवर सूर्यमुख. पण होळकरांचं सगळ्यात विलक्षण नाणं पहिल्या यशवंतरावांचं, शके १७२८ चं. फारसी बाजूला ठेवून संस्कृत श्लोक. एका बाजूला इंद्रप्रस्थी बसलेल्या चक्रवर्ती राजाच्या प्रसादाने ही मुद्रा शोभते असं, दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांताच्या चरणकमळी ज्याचं चित्त भुंग्यासारखं जडलं त्या यशवंताची ही मुद्रा असं. डिसेंबर १८०५ मध्ये इंग्रजांशी तह करावा लागलेला हा सेनानी, आणि लगेचच्या वर्षी तो नाण्यावर दिल्लीचा राजा हाच आपला धनी असं संस्कृतात बजावतो. हे नाणं दुर्मीळ आहे, माझ्याकडे नाही, आणि कुणी स्वस्तात दाखवलं तर मी हात लावणार नाही.

इंदूरच्या तांब्याच्या नाण्यांवर बसलेला नंदी असतो, शिंद्यांच्या नाण्यांवर नाग, भाला, त्रिशूळ अशा खुणा. शिंद्यांच्या टांकसाळी उज्जैनपासून चंदेरी, नरवरपर्यंत इतक्या विखुरलेल्या की नुसत्या त्या वेगळ्या ओळखता आल्या तरी आयुष्य पुरतं. देवास आणि धारच्या पवारांनी तिसरा मार्ग धरला. १८७६ च्या कायद्याने संस्थानांना सरकारी टांकसाळीत आपली नाणी पाडून घेण्याची सोय झाली होती. अट अशी की एका बाजूला व्हिक्टोरिया राणी. देवासचं राज्य भावाभावांत वाटलेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणून १८८८ मध्ये एकाच गावातल्या दोन राज्यांची दोन वेगळी तांब्याची नाणी पडली, दोन्हीवर एकच राणी.

आणि काळाचा क्रम बघा. बडोद्याचं नाणं साधारण १९०० पर्यंत. इंदूरचा रुपया १९०२ च्या सुमारास गेला, पण तांब्याची नाणी दुसऱ्या यशवंतरावांनी १९३५ मध्ये पुन्हा काढली. ग्वाल्हेरचा जिवाजीराव शिंद्यांचा पाव आणा १९४२ चा. ती दोन्ही राज्यं १९४८ मध्ये ज्या मध्य भारतात गेली, ते मध्य भारतही १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विरघळलं. कच्छने तर विक्रम संवत २००४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर, ‘जय हिंद’ लिहिलेली कोरी (कोरी हे तिथल्या नाण्याचं नाव) काढली. काही महिन्यांत संस्थान विलीन झालं.

बडोद्यात राहणाऱ्याला आणखी एक दार उघडं आहे. इथल्या कितीतरी गुजराती घरांतली माणसं पूर्व आफ्रिकेत व्यापाराला गेली आणि परतताना मधोमध भोक असलेली पाच आणि दहा सेंटची नाणी घेऊन आली. त्यांवर ‘ईस्ट आफ्रिका’ असं लिहिलेलं असतं. त्या नावाचा देश कधीच नव्हता. केनिया, युगांडा, टांगानिका यांच्यासाठी मिळून एक चलन मंडळ होतं, एवढंच. झांझिबार मात्र खरोखरचं राज्य होतं. सुलतान बरघशच्या हिजरी १२९९ च्या तांब्याच्या नाण्यावर तराजू आहे. झांझिबार १९६४ मध्ये टांगानिकात मिळालं आणि टांझानिया झाला. शेजाऱ्यांच्या डब्यात ही नाणी बटणांसोबत पडलेली असतात. मागितली तर आनंदाने देतात आणि सोबत गोष्टही सांगतात.

विकत घेण्याआधी

जुनं म्हणजे महाग, हा समज आधी सोडा. किंमत ठरते ती किती उरली आणि किती जणांना हवी यावर. शिवकालापासून दोन शतकांहून जास्त चाललेली तांब्याची शिवराई, झिजलेली, आजही साध्या माणसाला परवडते, कारण ती अमाप पडली.

राम दरबार, हनुमान यांची चित्रं आणि १६१६, १७१७, १८१८ असे सन असलेली ईस्ट इंडिया कंपनीची ‘आण्याची’ नाणी सर्रास विकली जातात. ती नाणी नव्हेत. नंतर कधीतरी बनवलेले बिल्ले आहेत, त्यांना चलनाचा इतिहास नाही. तसंच, तुमच्या घरातलं नाणं लाखोंना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. छबीच्या रुपयांच्या नकलाही ओतून केलेल्या येतात. वजन करा, कडा बघा. ओतलेल्या नाण्याची अक्षरं गुळगुळीत असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात.

कायद्याच्या दोन गोष्टी. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. पाया खणताना मटका निघाला तर तो गुपचूप वाटून घेणं गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला आजोबांचा बाबाशाही भेट द्यायचा असेल तर तो इथेच द्यावा, इथेच ठेवावा.

चिंच, लिंबू, पितांबरी, राख यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. तांब्यावरचा तपकिरी थर हे त्याचं संरक्षण आहे. तो काढला की नाणं चकाकतं आणि त्याची निम्मी किंमत जाते. पूजेतल्या रुपयांना दरवर्षी पंचामृत आणि हळदकुंकू लागतं, म्हणून पूजेसाठी वेगळे रुपये ठेवा, संग्रहातले नकोत. साध्या प्लास्टिकच्या मऊ पाकिटांत तांबं हिरवं पडतं. कागदी पाकीट बरं. बडोद्याच्या दमट पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहा: राज्य, राजा, धातू, वजन, नाण्यावरचा सन जसा आहे तसा, त्याखाली इसवी सन, नाव कुणाचं आणि पाडलं कुणी. शेवटची ओळ नाणं कुठून आलं याची: कुणाच्या घरातलं, कुठल्या गावचं, कुठल्या साली मिळालं. बाबाशाही अमरेलीकडे किती चालत होता, नवसारीकडे किती, हे अशा हजारो ओळी एकत्र आल्या तर कळण्याजोगं आहे. नाण्याचे सन आणि वजन नंतरही बघता येतात, ही एक ओळ मात्र देणारा माणूस समोर असतानाच लिहून घ्यावी लागते.